अधूनमधून अडणारा संगणक

यंत्रांचे बिघाड दोन जातींचे असतात. एक जात सरळ स्वभावाची. विहिरीवरची मोटर जळाली म्हणजे जळाली. ती सकाळीही चालत नाही आणि रात्रीही चालत नाही. मिस्त्री येतो, उघडून पाहतो, जळालेली तार दाखवतो आणि काम मार्गी लागते. दुसरी जात मात्र लबाड. हा बिघाड येतो, क्षणभर राहतो आणि मागमूस न ठेवता निघून जातो. घरातल्या किंवा शाळेतल्या संगणकाचा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. गुणपत्रक भरता भरता पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजते, माऊस हलत नाही, कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. आपण म्हणतो, 'हँग झाला'. कधी तो आपण होऊनच बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. दुकानात न्यावा तर तिथे दिवसभर शहाण्या मुलासारखा चालतो!

हा लबाड बिघाड आजचा नाही. संगणक जन्मला त्याच दिवसांपासून तो त्याच्या सोबतीला आहे. माणसाने त्याचा माग कसा काढला, हे पाहिले म्हणजे आपल्यालाही आपल्या घरी काय करावे याची वाट सापडते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी 'एनिॲक' नावाचा प्रचंड संगणक उभा राहिला. १९४६ च्या फेब्रुवारीत तो लोकांना दाखवण्यात आला. जुन्या रेडिओत जे व्हॉल्व्ह असत, तसल्या सुमारे अठरा हजार व्हॉल्व्हवर तो चाले. आता एका रेडिओतले पाचसहा व्हॉल्व्हसुद्धा अधूनमधून जातात. मग अठरा हजारांचे काय? पण ते यंत्र रचणाऱ्या एकर्ट या अभियंत्याने दोन युक्त्या केल्या. व्हॉल्व्हना त्यांच्या ताकदीपेक्षा पुष्कळ कमी काम दिले. आणि व्हॉल्व्ह बहुधा तापताना आणि थंड होताना जातात, हे ध्यानात आल्यावर ते यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरले. पुढे दोन दिवसांत सरासरी एखादाच व्हॉल्व्ह जाऊ लागला. बिघाड केव्हा येतो हे आधी पाहिले, मग उपाय सुचला. हा क्रम लक्षात ठेवा.

त्यानंतर वर्षदीड वर्षाने, ९ सप्टेंबर १९४७ रोजी, हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या यंत्रात एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. रिले म्हणजे विजेने उघडझाप करणारा खटका. तिथल्या माणसांनी तो किडा काढला, चिकटपट्टीने कामाच्या वहीत डकवला, आणि खाली लिहून ठेवले की प्रत्यक्ष किडा सापडण्याचा हा पहिलाच प्रसंग. यंत्राच्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याच्याही आधीची. म्हणून तर त्यांना गंमत वाटली. ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयाच्या ताब्यात आहे. लोकांना त्यातला पतंग आठवतो. मला मात्र वही अधिक मोलाची वाटते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खटक्यात दोष निघाला हे रोजच्या रोज लिहून ठेवणारी माणसे तिथे होती, म्हणूनच तो पतंग आपल्यापर्यंत पोहोचला.

त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचा गणिती काम करीत होता. त्याला शनिवार-रविवारी यंत्र वापरायला मिळे. पण सुटीच्या दिवशी यंत्राजवळ माणूस नसे, आणि चूक घडली की यंत्र त्याचे गणित बाजूला टाकून पुढच्या गणिताकडे वळे. सोमवारी येऊन पाहावे तर हाती काही नाही. हॅमिंगला प्रश्न पडला की यंत्राला चूक झाली एवढे कळते, तर ती कुठे झाली हेही का कळू नये?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. एका गाडीवानाने नियम केला की गाडीत पोत्यांची संख्या नेहमी समच ठेवायची. वाटेत एक पोते पडले तर संख्या विषम होईल आणि मालकाला समजेल की काही तरी गेले. पण कोणते गेले ते समजणार नाही. संगणकात या हिशेबाला 'पॅरिटी' म्हणतात. संगणकाची सगळी माहिती शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहिलेली असते, आणि अशा एका खुणेला 'बिट' म्हणतात. आठ बिटांमागे नववा बिट राखणदार म्हणून ठेवला, की एखादा बिट उलटल्याचे कळते. आता दुसरे उदाहरण घ्या. गुरुजींनी वर्गातली मुले उभ्या आणि आडव्या रांगांत बसवली आणि प्रत्येक रांगेचा हिशेब वेगळा ठेवला. जी आडवी आणि जी उभी रांग चुकेल, त्या दोहोंच्या छेदावरचाच मुलगा गैरहजर! चूक कळली आणि जागाही कळली. साधारण याच धर्तीवर, एकमेकांत गुंतलेल्या मोजण्या वापरून, हॅमिंगने चूक दुरुस्त करणारी संकेतपद्धती रचली आणि १९५० साली प्रसिद्ध केली.

पुढे सत्तरीच्या दशकात संगणकाची स्मृती सिलिकनच्या चिपमध्ये आली. या स्मृतीत एकेक बिट म्हणजे विजेचा अगदी इवलासा साठा. तो सारखा झिरपत असतो म्हणून एका सेकंदात अनेक वेळा भरावा लागतो. चिप लहान होत गेली तसा साठाही लहान झाला, आणि एक नवाच घोटाळा सुरू झाला. चिप तपासली तर धडधाकट, पण मधूनच एखादा बिट उलटे. १९७८ साली इंटेल कंपनीतल्या मे आणि वुड्स या दोघांनी कारण दाखवून दिले. चिप ज्या चिनीमातीसारख्या वेष्टनात बसवत, त्यात युरेनियम आणि थोरियम यांचा सूक्ष्म अंश होता. त्यातून निघणारा एखादा अल्फा कण चिपमध्ये शिरे आणि बिट उलटवून जाई. चोर घराच्या भिंतीतच होता!

दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, झीग्लर आणि लॅनफर्ड या शास्त्रज्ञांनी दाखवले की असाच घाला आकाशातूनही पडू शकतो. अंतराळातून येणाऱ्या या विश्वकिरणांचा शोध व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली फुग्यातून उंच जाऊन लावला होता. आपल्याकडे होमी भाभांनी याच किरणांच्या अभ्यासात नाव मिळवले, आणि त्यांनी स्थापलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरून त्यांच्यावर प्रयोग केले. त्याच संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक बांधला गेला आणि १९६० साली कामाला लागला. विश्वकिरण आणि संगणक या दोन्ही विद्या तिथे एकाच छपराखाली नांदत होत्या.

असा एक बिट उलटल्याने काय होणार, असे तुम्ही म्हणाल. बेल्जियममधली गोष्ट ऐका. १८ मे २००३ रोजी तिथे निवडणूक झाली. ब्रुसेल्सच्या शारबेक भागात मतदान संगणकावर होते. मोजणीत एका उमेदवाराला शक्य नव्हती इतकी मते पडलेली दिसली, म्हणून फेरमोजणी झाली. फरक निघाला बरोबर ४,०९६ मतांचा. दोनाला दोनाने गुणत बारा दोन घेतले की हीच संख्या येते. म्हणजे एकच बिट उलटला होता. कार्यक्रमात दोष सापडला नाही, तेव्हा तज्ज्ञांनी हा आपोआप उलटलेला बिट असावा असे मत दिले. मते अशक्य इतकी होती म्हणून संशय आला. फरक थोडका असता तर?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९८१ साली आयबीएम कंपनीचा घरगुती आणि कचेरीचा छोटा संगणक बाजारात आला, तेव्हा त्याच्या स्मृतीत तो नववा राखणदार बिट होता. बिट उलटला की यंत्र पडद्यावर तसे लिहून थांबे. पुढे १९९० नंतरच्या दशकात किमती उतरवण्याच्या चढाओढीत घरगुती संगणकांतून हा राखणदार हळूहळू काढून टाकण्यात आला. मोठ्या कचेऱ्यांच्या संगणकांत चूक दुरुस्त करणारी स्मृती राहिली. घरच्यात राहिली नाही. २०२० साली जाहीर झालेल्या 'डीडीआर-५' जातीच्या स्मृतीत चिपच्या पोटात थोडी दुरुस्ती होते खरी, पण चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. तात्पर्य, तुमचा संगणक अडतो तेव्हा का अडला हे बहुधा तो सांगू शकत नाही, कारण त्याचा साक्षीदारच नाहीसा झालेला आहे. ते साक्षीदाराचे काम आता तुम्हालाच करायचे आहे.

मग सारा दोष आकाशावर टाकावा काय? मुळीच नाही. गूगलच्या हजारो संगणकांची अडीच वर्षांची नोंद तपासून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की स्मृतीच्या चुका समजुतीपेक्षा पुष्कळ जास्त होतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा विश्वकिरणांमुळे नसून स्मृतीची पट्टीच खराब असल्यामुळे होतात. शिवाय स्मृती हा एकटाच आरोपी नाही. २००० सालाच्या आगेमागे बनलेल्या अनेक संगणकांत कपॅसिटर वाईट निघाले. त्यांची डोकी फुगत आणि संगणक वेळीअवेळी बंद पडत. वीजपुरवठ्याची पेटी कमजोर झाली तरी हेच घडते. पंख्यात धूळ साचली तर प्रोसेसर तापतो, आधी मंदावतो आणि फारच तापला तर बंद पडतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखातला उन्हाळा, रस्त्याची धूळ आणि खालीवर होणारा विजेचा दाब हे तिन्ही एकाच वेळी जमतात, हे काही तुम्हाला सांगायला नको.

म्हणून पहिले काम, वही घाला. तारीख, वेळ, त्या क्षणी कोणता कार्यक्रम चालू होता, दिवे मंद झाले होते काय, खोली तापली होती काय, हे लिहा. विंडोज वापरत असाल तर यंत्रही 'इव्हेंट व्ह्यूअर' या नावाने स्वतःची एक वही ठेवते; तीही वेळ जुळवून पाहा. आठदहा नोंदी झाल्या की बहुधा मेळ दिसू लागतो. दुपारीच अडत असेल तर उष्णतेकडे पाहा. शेजारचा पंप सुरू होताच अडत असेल तर विजेकडे आणि अर्थिंगकडे पाहा. एकाच कार्यक्रमात अडत असेल तर त्या कार्यक्रमाकडे पाहा. कशाशीच मेळ नसेल तर स्मृतीवर संशय घ्या.

दुसरे, काहीही उघडण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे करून ठेवा. यंत्र पुन्हा विकत मिळते, मुलांच्या वर्षभराच्या नोंदी मिळत नाहीत.

तिसरे, एका वेळी एकच बदल करा. धूळ काढलीत, तर आठवडाभर थांबा आणि वही पाहा. स्मृतीसाठी 'मेमटेस्ट' नावाचा तपासणी कार्यक्रम १९९४ पासून आहे. तो रात्रभर चालू ठेवा. एकही चूक दिसली तर प्लग काढून पट्ट्या नीट बसवा, मग एकेक पट्टी लावून पुन्हा तपासा. तिथे काही निघाले नाही तर वीजपुरवठ्याची पेटी कोणाकडून तरी तात्पुरती मागून आणा आणि लावून पाहा. ही पेटी स्वतः मात्र कधी उघडू नका; प्लग काढल्यावरही तिच्यात विजेचा जोरकस धक्का शिल्लक असतो. तीन भाग एकदम बदलले आणि बिघाड गेला, तर दोषी कोण होता ते कधीच कळत नाही. दोन चांगले भाग फुकट फेकले जातात. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा तो न्याय होतो, आणि त्याचा भुर्दंड शाळेच्या तुटपुंज्या शिलकीवर पडतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या वहीचा आणखी एक उपयोग आहे. ती मुलांकडे सोपवा. सातवी-आठवीच्या मुलांना ही नोंद सहज ठेवता येते. निरीक्षण म्हणजे काय, अनुमान म्हणजे काय, आणि पुरावा नसताना कोणाला दोष का देऊ नये, हे त्यांना पाठ्यपुस्तकातून सांगावे लागणार नाही. शाळेतला अडणारा संगणकच ते त्यांना शिकवील.