ड्रॅग रेसिंगमधले 'स्ट्रीमलाइनर': हवा कापणारा आकार हरला आणि पंख जिंकला, असं का?

वेगवान गाडी डोळ्यांसमोर आणा म्हटलं की बहुतेकांना एकच आकार दिसतो: पाण्याच्या थेंबासारखी गुळगुळीत, जमिनीला चिकटलेली, कुठेही टोक बाहेर न आलेली गाडी. या आकाराला 'स्ट्रीमलाइन्ड' म्हणतात आणि तशा गाडीला 'स्ट्रीमलाइनर'. पण जगातली सगळ्यात जोरात सुटणारी रेसिंग कार, म्हणजे टॉप फ्युएल ड्रॅगस्टर, बघितली तर धक्का बसतो. लांबलचक सांगाडा, उघडं इंजिन, मागे दोन अवाढव्य टायर आणि त्यावर उंच बसवलेला पंख. गुळगुळीतपणाचं नाव नाही, तरीही ही गाडी चार सेकंदांच्या आत तासाला ५०० किमीच्या पुढे जाते.

ड्रॅग रेसिंगमध्ये स्ट्रीमलाइनर बनवायचा प्रयत्न कुणी केलाच नाही, असं नाही. हुशार लोकांनी तो पुन्हा पुन्हा केला आणि जवळपास दर वेळी तो मागे पडला. का, ते समजून घेऊया. तुमच्या बाईकला 'विंगलेट' लावावेत का, या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

ड्रॅग रेस म्हणजे नक्की काय?

सरळ रस्ता, थांबलेल्या गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं. अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. वळण नाही, लॅप नाही. बैलगाडा शर्यतीचा घाट पाहिला असेल तर कल्पना लगेच येईल. तिथेही सरळ धावपट्टी असते आणि निकाल सेकंदांवर लागतो.

इथे दोन आकडे मोजतात. एक म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागलेला वेळ. दुसरा म्हणजे शेवटची रेषा ओलांडतानाचा वेग. शर्यत वेळेवर जिंकली जाते, वेगावर नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा ठरतो.

आणि एक गैरसमज आधीच दूर करू. हवेच्या विरोधालाही इंग्रजीत 'ड्रॅग' म्हणतात, पण 'ड्रॅग रेस' या नावाचा त्याच्याशी संबंध नाही. या लेखात हवेच्या विरोधाला आपण 'वायुरोध' म्हणू, म्हणजे गोंधळ होणार नाही.

हवा किती अडवते?

सूत्र सोपं आहे:

वायुरोध = ½ × हवेची घनता × आकाराचा गुणांक × समोरचं क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

यातला 'वेगाचा वर्ग' हा खरा खलनायक. वेग दुप्पट झाला की वायुरोध चौपट होतो, आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद आठपट होते.

सरळ बसून १०० किमी वेगाने बाईक चालवणाऱ्या माणसाला फक्त हवा बाजूला सारण्यासाठी साधारण १० हॉर्सपॉवर लागतात. १०० सीसीच्या बाईकचं इंजिन ८ हॉर्सपॉवरच्या आसपास असतं. म्हणून ती बाईक ८५–९० च्या पुढे जायला नको म्हणते. इंजिन 'दमलं' असं आपण म्हणतो, पण ते हवेच्या भिंतीला टेकलेलं असतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग गुळगुळीत आकारच जिंकायला हवा. लांब अंतराच्या वेगविक्रमात तो जिंकलाही. अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर १९६५ साली समर्स बंधूंच्या 'गोल्डनरॉड' या सुरीसारख्या निमुळत्या गाडीने तासाला ४०९ मैल, म्हणजे सुमारे ६५८ किमी वेग गाठला. पण तिथे वेग घ्यायला कित्येक किलोमीटर मोकळे असतात. ड्रॅग रेसमध्ये ४०२ मीटरच असतात.

४०२ मीटरचं गणित

समजा गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच प्रवेगाने धावते. तर अंतराचा पहिला अर्धा भाग पार करायला एकूण वेळेच्या सुमारे ७० टक्के वेळ लागतो. दुसरा अर्धा भाग उरलेल्या ३० टक्क्यांत संपतो.

वायुरोध तर जास्त वेगातच त्रास देतो. म्हणजे गुळगुळीत आकाराचा मोठा फायदा शेवटच्या थोड्याशा वेळात मिळतो. पण तो आकार बनवायला गाडीवर जे कवच चढवावं लागतं, त्याचं वजन पहिल्या इंचापासून ओढावं लागतं.

आकड्यांत बघू. ६०० किलोच्या गाडीवर ६० किलोचं कवच चढवलं आणि बाकी सगळं, म्हणजे गाडीला पुढे ढकलणारा जोरही, तसाच ठेवला. वजन १० टक्के वाढलं की वेळ साधारण ५ टक्के वाढतो. ६ सेकंदांची गाडी ६.३ सेकंदांची झाली. जिथे सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो, तिथे ०.३ सेकंद म्हणजे बाजार उठलाच.

आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर, प्रोग्रॅमचा ७० टक्के वेळ एका ठिकाणी जातोय आणि आपण दुसरीकडचाच कोड सुधारत बसलोय.

जॉको जॉन्सन आणि पहिली मोठी आशा

रॉबर्ट 'जॉको' जॉन्सन हा कॅलिफोर्नियातला इंजिनाच्या हेडवर काम करणारा कारागीर. त्याने अख्खी गाडी झाकणारा स्ट्रीमलाइनर बनवला. १९५९ मध्ये रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर जॅझी नेल्सनने ही गाडी ८.३५ सेकंदांत पळवली. त्या काळासाठी हा आकडा जबरदस्त होता, आणि पुढच्या सगळ्या गाड्या अशाच दिसणार असं कुणालाही वाटलं असतं.

तसं झालं नाही. बाकीचे लोक उघड्या, हलक्या सांगाड्याच्या गाड्या बनवत राहिले आणि त्याच वेगवान होत गेल्या. त्यांचा फायदा फक्त वजनाचा नव्हता. दोन शर्यतींच्या मधल्या थोड्या वेळात इंजिन खोलून पुन्हा जोडायचं असतं, तेव्हा कवच म्हणजे एक जास्तीची कटकट.

'बिग डॅडी' गार्लिट्सचे प्रयोग

ड्रॅग रेसिंगमधलं सगळ्यात मोठं नाव डॉन गार्लिट्स. आपल्या गाड्यांना तो 'स्वॉम्प रॅट' म्हणजे दलदलीतला उंदीर म्हणायचा आणि त्यांना क्रमांक द्यायचा. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ट्रॅकवर त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला. तेव्हा इंजिन पुढे असायचं आणि चालक मागे, गिअरबॉक्सला जवळजवळ पाय लावून बसायचा. गार्लिट्सच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला.

त्यातून उठून त्याने इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बनवली आणि १९७१ च्या सुरुवातीलाच पोमोनाची विंटरनॅशनल्स स्पर्धा जिंकली. थोड्याच वर्षांत टॉप फ्युएलमधल्या सगळ्यांनी ही रचना उचलली. तिचा हेतू जीव वाचवणं हा होता, पण हवेच्या दृष्टीनेही ती सोयीची निघाली. चालकाच्या पुढचा भाग निमुळता करता आला आणि मागे पंख बसवायला जागा मिळाली.

१९७३ मध्ये गार्लिट्सने जॉकोच्या मदतीने पूर्ण झाकलेला स्ट्रीमलाइनरही करून पाहिला, 'विन्स लाइनर' नावाचा. दिसायला अंतराळयानासारखा, पण जड. गार्लिट्सच्या उघड्या गाड्यांपुढे तो टिकला नाही आणि बाजूला पडला.

मग पंख का जिंकला?

विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच पंख उलटा बसवला की गाडीला खाली दाबतो. टायर जमिनीवर जितके जोरात दाबले जातील, तितकी पकड वाढते. हजारो हॉर्सपॉवरचं इंजिन असताना अडचण ताकदीची नसते, टायर जागच्या जागी फिरतात ही असते.

वजन वाढवूनही पकड वाढते, पण ते वजन ओढावं लागतं. पंखाचा दाब मात्र वजन न वाढवता मिळतो. पंखामुळे वायुरोध वाढतो, हे खरं. टॉप फ्युएलवाल्यांनी ही किंमत जाणूनबुजून मोजली. हवेपासून लपण्यापेक्षा तिलाच कामाला लावणं त्यांना जास्त फायद्याचं पडलं.

१९८४ मध्ये जो अमाटोने मागचा पंख बराच उंच आणि मागे नेला. इंजिन आणि टायरमुळे ढवळलेल्या हवेच्या वर गेल्याने पंखाला स्वच्छ हवा मिळाली. त्याच वर्षी अमाटो २६० मैलांचा, म्हणजे सुमारे ४१८ किमीचा टप्पा ओलांडणारा पहिला चालक ठरला. आजही टॉप फ्युएल गाड्यांवर तसाच उंच पंख दिसतो.

१९८६: यश आणि इशारा एकाच वर्षी

स्ट्रीमलाइनची कल्पना मेली नव्हती. मार्च १९८६ मध्ये गार्लिट्स 'स्वॉम्प रॅट ३०' घेऊन गेन्सव्हिलला आला. या वेळी त्याने सगळी गाडी झाकली नाही. फक्त नाक गुळगुळीत केलं, पुढची चाकं छोटी केली आणि चालकाच्या डोक्यावर लढाऊ विमानासारखं पारदर्शक झाकण बसवलं. गाडीने २७२.५६ मैल, म्हणजे सुमारे ४३८ किमी वेग गाठला. २७० मैलांच्या पुढे जाणारी ही पहिली गाडी. आज ती अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

त्याच उन्हाळ्यात इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर या गाडीचं नाक उचललं गेलं. हवा खालून शिरली, गाडी शेपटीवर उभी राहिली, गर्रकन फिरली आणि चाकांवर आदळली. गार्लिट्स बचावला. नाक एकदा उचललं की गाडीचा तळच हवेसाठी पंख बनतो आणि मग चालकाच्या हातात काही उरत नाही.

त्याच सुमारास गॅरी ऑर्म्सबीने जवळपास पूर्ण झाकलेला ड्रॅगस्टर आणला. पुन्हा वजनाचीच रड. कवच निघालं, आणि १९८९ ची टॉप फ्युएल चॅम्पियनशिप ऑर्म्सबीने जिंकली ती नेहमीच्या उघड्या गाडीवर.

आज काय उरलंय?

निमुळतं नाक उरलं. २०१२ पासून टॉप फ्युएलमध्ये चालकावरचं बंद झाकणही परत आलं, पण मुख्यतः सुरक्षेसाठी. वेग मात्र इतका वाढला की ट्रॅकच अपुरे पडायला लागले. जून २००८ मध्ये स्कॉट कलिटाचा पात्रता फेरीत मृत्यू झाला. त्यानंतर टॉप फ्युएल आणि फनी कार गटांचं अंतर १,००० फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरवर आणलं गेलं.

थांबण्यासाठी या गाड्या पॅराशूट उघडतात. नाशिककरांना ही कल्पना नवी नाही. ओझरच्या एचएएल कारखान्यात बनलेली, २०२५ मध्ये निवृत्त झालेली मिग-२१ विमानं उतरल्यावर शेपटीतून पॅराशूट सोडायची, आणि तिथेच बनलेली सुखोई-३० विमानंसुद्धा सोडतात. धावताना नकोसा वाटणारा वायुरोध थांबताना देवासारखा धावून येतो.

आपल्याकडे ड्रॅग रेस कुठे होते?

महाराष्ट्रातलं ओळखीचं ठिकाण म्हणजे लोणावळ्याजवळची अ‍ॅम्बी व्हॅलीची धावपट्टी. तिथे 'द व्हॅली रन' नावाची ड्रॅग रेस भरते आणि बाईकपासून सुपरकारपर्यंत सगळं धावतं. विमानाची धावपट्टी निवडण्यामागे साधं कारण आहे: सरळ, सपाट, समोरून कुणी येत नाही, आणि शेवटी थांबायला जागा असते. अमेरिकेतही १९५० मध्ये सँटा अ‍ॅना विमानतळाच्या धावपट्टीवरच नियमित ड्रॅग रेस सुरू झाल्या.

इथे टॉप फ्युएल नसतात. असतात त्या रोजच्या वापरातल्या पण सुधारलेल्या गाड्या. त्यात सुझुकी हायाबुसाचं वेड आपल्याकडे 'धूम'पासून आहे. हायाबुसा म्हणजे जपानी भाषेत बहिरी ससाणा. तिचा तो फुगीर पुढचा भाग हवा कापण्यासाठीच आहे. पण बाईकवरचा सगळ्यात मोठा अडथळा गाडी नसून चालक असतो. म्हणून ड्रॅग रेसर टाकीवर आडवा होतो. फुकटातला स्ट्रीमलाइनर म्हणायचा तर तो हाच.

तुमच्या बाईकसाठी याचा अर्थ

*विंगलेट लावले तर फायदा होईल?* रेसिंग बाईकचे विंगलेट ३०० किमीच्या आसपास जो दाब देतात, त्याच्या २५ पट कमी दाब ६० किमीला मिळतो. वेग पाचपट कमी झाला, म्हणून दाब पंचवीसपट कमी. त्याहून जास्त दाब तुमच्या पाठीवरच्या बॅगेचा असेल. दिसायला आवडत असतील तर लावा, पण मजबूत बसवा.

*रात्री मोकळ्या हायवेवर मित्रांसोबत रेस लावली तर?* मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार हा गुन्हा आहे. पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी वर वाचलेलं आठवा. मोकळी धावपट्टी, अग्निरोधक सूट, पॅराशूट आणि शेजारी उभी अ‍ॅम्ब्युलन्स असूनही या खेळात माणसं गेली आहेत. हायवेवर यातलं काहीच नसतं, आणि समोरून दिवे नसलेला ट्रॅक्टर येऊ शकतो.

थोडक्यात

- वायुरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून त्याचा खरा त्रास शर्यतीच्या शेवटी होतो.
- ड्रॅग रेसचा बहुतेक वेळ पहिल्या अर्ध्या अंतरात जातो, तिथे वजन आणि पकड महत्त्वाची.
- पूर्ण झाकलेले स्ट्रीमलाइनर १९५९, १९७३ आणि १९८० च्या दशकात आले, आणि मुख्यतः वजनामुळे मागे पडले.
- उलट्या पंखाने वायुरोध वाढवला, पण पकडही वाढवली. म्हणून तो टिकला.
- रेस करायचीच असेल तर परवानगी असलेल्या स्पर्धेत, हेल्मेट आणि पूर्ण गिअर घालून.