मसाल्याची शिस्त : जबलपूरच्या मराठी चुलीचा इतिहास

पाकशास्त्राचा इतिहास लिहिताना राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्याकडे जितके लक्ष जाते, तितके सामान्य घरातील मसाल्याच्या डब्याकडे जात नाही. वास्तविक लढाया, रेल्वे, कचेऱ्या आणि प्रांतरचना या सर्वांचे पडसाद त्या लहानशा डब्यात उमटलेले असतात. नर्मदाकाठच्या जबलपूर शहराकडे या दृष्टीने पाहिले, तर मटण शिजवावयास प्रथमच बसणाऱ्या नवशिक्याला तो इतिहास बरेच काही शिकवून जातो.

गढा-मंडला प्रदेश 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात आला. 1798 मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि 1817-18 च्या युद्धात इंग्रजांच्या हाती पडला. पुढे 1861 मध्ये मध्यप्रांताची स्थापना होऊन नागपूर व जबलपूर एकाच राज्यकारभाराखाली आली. 1870 मध्ये मुंबईकडून आणि अलाहाबादकडून येणारे लोहमार्ग जबलपुरास मिळाले. 1904 मध्ये तेथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, तर मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. प्रांताची शकले झाली. पण पाऊणशे-शंभर वर्षांचा शेजार मोडला असे मात्र नव्हे. नर्मदेच्या या शहरात मराठी चूल पेटतच राहिली.

या चुलीपुढे दोन रीती समोरासमोर उभ्या होत्या. हिंदी मुलखातील रीत ‘भूनना’ या क्रियेवर उभी आहे. कांदा, आले-लसूण आणि मांस एकाच भांड्यात, एकाच स्निग्धात, मंद आचेवर सावकाश परतावयाचे. सुगंध यावयाचा तो मुख्यतः खड्या मसाल्याचा. नागपूर-वऱ्हाडकडील रीतीत मसाल्याची सिद्धता वेगळी होते. सुके खोबरे, खसखस, धने, दगडफूल हे जिन्नस निरनिराळे कोरडे भाजावयाचे आणि मग त्यांचे वाटण करावयाचे. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचा जो जळजळीत सावजी रस्सा पुढे खाणावळींतून प्रसिद्ध झाला, तो याच भाजण्याच्या परंपरेतील होय. मराठीत ‘भाजणे’ आणि ‘परतणे’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. पहिले तेलावाचून होते, दुसरे तेलात. हा भेद ज्याला कळला, त्याला अर्धी पाकक्रिया कळली.

या दोन्ही रीतींहून जुनी साक्ष हवी असल्यास कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथाकडे वळावे लागते. 1129 च्या सुमारास सिद्ध झालेल्या या संस्कृत ग्रंथात मांसाचे अनेक प्रकार सांगितले आहेत. तेथे मीठ आहे, हिंग आहे, आले आहे, मिरे आहे, आंबट रस आहे. मिरची मात्र नाही. असणार तरी कोठून? ती अमेरिकेतली वनस्पती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती या देशाच्या किनाऱ्याला लागली. मिऱ्याच्याच नावावरून तिला मिरची म्हटले गेले आणि पाहता पाहता तिने मिऱ्याची जागा बळकावली. टोमॅटोही तिच्याच खंडातला पाहुणा. म्हणजे आज ज्या लाल रश्श्याला आपण परंपरागत म्हणतो, त्याचा रंग चार-पाचशे वर्षांहून जुना नाही. मीठ, आंबट, तिखट आणि सुगंध ही चौकट मात्र त्याहून पुष्कळच पुरातन आहे.

नवशिक्याने प्रथम ही चौकट आत्मसात करावी. मिठाचे काम सर्वांत आधी सुरू होते. मांसाला मीठ व हळद चोळून तासभर ठेवले, की मीठ आत मुरू लागते; शेवटी वरून घातलेले मीठ रश्श्यातच राहते. खडा मसाला तापलेल्या तेलात पहिल्याने घालावयाचा, कारण लवंग-दालचिनीचा सुगंध पाण्यापेक्षा तेलात अधिक सहजपणे उतरतो. त्यानंतर कांदा, आणि तो तांबूस झाल्यावर आले-लसूण. तिखट व हळद यांचा रंगही तेलातच खुलतो. पण तिखट क्षणात करपते, म्हणून ते घालताना आच मंद हवी आणि हाताशी थोडे पाणी हवे. वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परतावयाचे. तेल सुटले याचा अर्थ मसाल्यातील पाणी आटले, कच्चेपणा गेला. मग मांस, आणि नंतर आधणाचे पाणी. थंड पाणी ओतले की भांड्याची आच मोडते. गरम मसाल्याची पूड अगदी अखेरीस, कारण तिचा वास उडून जाणारा असतो.

प्रमाणाची गोष्ट अधिक अवघड. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक 1910 मध्ये निघाले आणि मांसमच्छीचे प्रकारही छापील मराठीत घरोघर पोहोचले. त्या काळचा हिशोब शेर-छटाकांचा. सोळा छटाकांचा, म्हणजेच ऐंशी तोळ्यांचा शेर आजच्या मापाने सुमारे 933 ग्रॅम भरतो आणि तोळा पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. 1958 पासून दशमान वजने येऊ लागली तेव्हा जुनी मापे गेली, परंतु प्रमाण गेले नाही. शेरभर मटणाला तोळाभर मीठ, हा आरंभ आजही चुकीचा ठरणार नाही. पुढचे जिभेने ठरवावे.

ज्या घरात तीन पिढ्या एकाच चुलीपाशी वावरल्या, तेथे अंदाज शिकवावा लागत नाही. तो पाहता पाहता हातात येतो. ज्या घराने बदलीचा हुकूम हाती घेऊन गाव सोडले, त्याचे तसे नसते. सासूचा पाटा-वरवंटा मागे राहतो, ओळखीचा वाणी मागे राहतो, दगडफूल मिळेल की नाही याची शाश्वती राहत नाही. अशा वेळी केवळ जिनसांची यादी पाठ असणाऱ्याची चव हरवते. कोणता जिन्नस कशासाठी आणि केव्हा, हे ज्याला ठाऊक आहे त्याची टिकते. खसखस नसली तरी दाटपणा कशाने येतो हे त्याला कळते. कोकम नसले तरी आंबटाची जागा रिकामी राहत नाही.

जिन्नस प्रांतोप्रांती बदलतात, मापे कायद्याने बदलतात, सीमारेषा तर एका रात्रीत बदलतात. हातातली शिस्त मात्र माणसाबरोबर प्रवास करते. तिच्यामुळेच दूरदेशीच्या पातेल्यातूनही माहेरचा वास येतो.