दोन स्थानकांचे अंतर

डोंबिवलीला सांस्कृतिक नगरी म्हणतात. फेब्रुवारी 2017 मध्ये 90 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, तेव्हा हे बिरूद पुन्हा मिरवले गेले. तिथून दोन स्थानके पुढे कल्याण. तिथले प्रल्हाद शिंदे मराठी मुलखातल्या गावोगावच्या लाऊडस्पीकरवर पिढ्यान्‌पिढ्या वाजले. तरी मराठी गायनाचा इतिहास सांगताना भावगीत आणि नाट्यगीत येते, शिंदे येतात ते 'लोकप्रिय' या एका शब्दापुरते.

कल्याण जंक्शनला दोन लाइन मिळतात. कर्जत-पुण्याकडच्या वाटेवर पुढे सोलापूर लागते; शिंदे त्या जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, जन्म 1933 चा. कसाऱ्याकडची लाइन नाशिकला जाते. तिकडे सिन्नर तालुक्यातले देसवंडी हे वामनदादा कर्डकांचे गाव. एकाकडे गळा, दुसऱ्याकडे शब्द. वामनदादांची गाणी कोणा एकाची राहिली नाहीत. कव्वाल, शाहीर, वस्तीतले गायनपार्टीवाले, सगळ्यांनी ती गायली, आपापल्या चालीने.

अमेरिकेतल्या जॅझमध्ये अशा सर्वांच्या झालेल्या गाण्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात. गाणे ठाऊक असतेच, श्रोता ऐकायला येतो तो हा गायक ते कसे म्हणतो ते. 1963 साली जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनसोबत जॉनी हार्टमन या काळ्या गायकाने अशा सहा गाण्यांची तबकडी केली. आज ती अभिजात मानली जाते, पण हार्टमनला हयातीत मोठे नाव मिळाले नाही. 1983 मध्ये तो वारला. 1995 मध्ये एका हॉलिवूड चित्रपटात त्याची गाणी वाजली, तेव्हा कुठे लोक त्याच्या तबकड्या शोधू लागले. मात्र तिथे तबकडीवर गाणे कोणी लिहिले, कोणी बांधले, वाजवले कोणी, हे छापलेले असते. म्हणूनच उशिरा का होईना, न्याय करता येतो.

आपल्या भीमगीतांच्या कॅसेटचे काय? अनेक कॅसेटवर गायकाचा फोटो मोठा, बाबासाहेबांचा त्याहून मोठा, कवीचे नाव बारीक किंवा गायब. ढोलकीवाला, बेंजोवाला तर हिशेबातच नाही. वामनदादा शेवटच्या कडव्यात 'वामन' अशी नाममुद्रा घालत, म्हणून पुष्कळ गाणी ओळखता तरी येतात. ते कडवे गाळले की कवीच पुसला जातो. ही चोरी नेहमी बाहेरच्यांनीच केली असे म्हणायची सोय नाही.

आता अडचणीचा मुद्दा. शिंदे घराघरांत पोचले ते 'पाऊले चालती पंढरीची वाट'सारख्या भक्तिगीतांनी. सत्यनारायणाची कथाही त्यांच्याच आवाजात वाजते. 1956 च्या 22 प्रतिज्ञा पाठ असलेल्या आपल्यातल्या अनेकांना ते खुपते. खुपणे समजू शकते. पण गळ्यावर पोट असलेल्या माणसाला बाजार काय गायला लावतो, हेही पाहावे लागेल. पंढरीचा माल राज्यभर खपत होता, भीमगीताचे गिऱ्हाईक 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरच्या स्टॉलभोवती. गंमत अशी की ज्या घरात जयभीम उच्चारला जात नाही, तिथे पूजेला हाच आवाज चालतो. त्याला आपण तरी का सोडून द्यावे?

2004 च्या मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये शिंदे. मुलगे आनंद, मिलिंद आणि नातू आदर्श यांनी गाणे पुढे नेले, त्यामुळे नाव टिकले आहे. जुन्या ध्वनिफितींची गोष्ट वेगळी. उल्हासनगर, अंबरनाथ, कळवा, मुंब्र्यापर्यंतच्या घरांत त्या खोक्यांत पडून आहेत, आणि ओल लागली की फितीला बुरशी धरते. हल्ली कोणी तरी त्या मोबाइलवर उतरवून 'जुनी भीमगीते' एवढ्याच नावाने पाठवतो. उतरवणाऱ्याने कव्हरचे दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि शेवटचे कडवे कापू नये.