नरो वा कुंजरो वा

हा लेख वर्षभर अर्धवट पडून होता. विषय घरात न बोलायचा, आणि माझं लिखाण वाचणाऱ्यांत निम्मे घरचेच. मामा, माई, तुम्हीही वाचाल याची कल्पना आहे. शेवटपर्यंत वाचा, एवढंच म्हणणं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या धाकटीचा दमा वाढला आणि दोन रात्री इथल्या, म्हणजे डब्लिनच्या, क्रमलिनमधल्या मुलांच्या हॉस्पिटलात काढाव्या लागल्या. (आजी, आता ठणठणीत आहे, काळजी नको.) नर्सने मला तिच्या खाटेशेजारी खुर्ची उलगडून दिली, पांघरूण दिलं. पहाटे तीनच्या सुमाराला जाग आली. पोरगी शांत झोपलेली, आणि मला एकदम आठवलं, अरे, हेच ते हॉस्पिटल!

१९६० साली याच हॉस्पिटलात मारी कॉलिन्स नावाची १३ वर्षांची मुलगी दाखल झाली होती. तेव्हा आईबापांनी रात्री मुलाजवळ थांबायची पद्धत नव्हती. आजारी मुलांना धीर द्यायला, त्यांच्यासाठी प्रार्थना करायला हॉस्पिटलाचे स्वतःचे फादर असत. त्या फादरने, पॉल मॅकगेनिसने, या मुलीवर लैंगिक अत्याचार केले, तिचे फोटो काढले. ती विरोध करायला लागली तेव्हा तो म्हणाला, मी फादर आहे, माझ्या हातून वाईट घडूच शकत नाही. तिने ते खरं मानलं. मग वाईट कोण? तर आपणच. हॉस्पिटलात आलेली हसरी, निर्धास्त मुलगी घरी परत गेली ती हे ओझं घेऊन. पुढची कित्येक वर्षं नैराश्यात, औषधोपचारांत गेली.

आपल्याला वाटेल, एवढं कसं मानलं? पण तेव्हाचं आयर्लंड डोळ्यांसमोर आणा. १९३७ च्या राज्यघटनेत कॅथलिक चर्चला खास स्थान असल्याचं लिहिलेलं होतं. ते कलम १९७२ च्या सार्वमतानंतर निघालं. शाळा चर्चच्या, बरीचशी हॉस्पिटलं चर्चची. जॉन चार्ल्स मॅकक्वेड १९४० ते १९७२ डब्लिनचे आर्चबिशप होते, आणि त्यांचा शब्द मंत्रीही सहसा खाली पडू देत नसत. घरात फादर आले की चांगले कपबशा बाहेर निघायच्या. आपल्याकडे महाराज येणार म्हटल्यावर जी धांदल उडते ना, तीच.

आता या गोष्टीतली खरी गोम. त्याच वर्षी, ऑगस्ट १९६० मध्ये, मॅकगेनिसने एक रोल धुण्यासाठी ब्रिटनमधल्या कंपनीकडे पाठवला. त्यात लहान मुलींचे नको ते फोटो होते. कंपनीने पोलिसांना कळवलं आणि प्रकरण आयर्लंडच्या पोलिसप्रमुखांपर्यंत आलं. त्यांनी काय केलं? तपास? नाही. माणूस फादर आहे म्हणून ते आर्चबिशप मॅकक्वेडना भेटले आणि सगळं त्यांच्या हवाली केलं. आर्चबिशपांनी फादरला बोलावून विचारलं. त्याचं म्हणणं असं, की स्त्रीदेहाबद्दल कुतूहल होतं, बाकी काही नाही. आर्चबिशपांनी ते मान्य केलं, त्याला डॉक्टरकडे पाठवलं आणि फाइल कपाटात गेली. पुढे सरकारी चौकशी आयोगाने हा निष्कर्ष हास्यास्पद ठरवला. पण ते ४९ वर्षांनी!

मारी कॉलिन्सना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. १९८५ मध्ये, चाळिशीच्या आसपास, त्यांनी पहिल्यांदा आपल्या भागातल्या एका तरुण फादरला सांगायचा प्रयत्न केला. त्याने नावच ऐकून घेतलं नाही, आणि वर सुचवलं की चूक बहुधा तुमचीच असेल. त्या आणखी दहा वर्षं गप्प बसल्या. एक वाक्य, आणि दहा वर्षं...

१९९५ मध्ये अशी इतर प्रकरणं वर्तमानपत्रांत यायला लागली तेव्हा त्यांनी दोन पत्रं लिहिली. एक हॉस्पिटलाला, एक तेव्हाचे आर्चबिशप डेस्मंड कॉनेल यांना. तक्रार तीच, पण उत्तरं बघा. हॉस्पिटलाने पोलिसांना कळवलं आणि समुपदेशनाची तयारी दाखवली. आर्चबिशपांच्या कार्यालयात १९६० ची फाइल होती, पण ती पोलिसांना मिळाली नाही. फादरने गुन्हा कबूल केल्याचं कार्यालयातल्याच एकाने मारीताईंना सांगितलं, तरी पोलिसांकडे तसा जबाब कोणी दिला नाही. (त्यांना मी ताई म्हणतेय. भेट नाही, ओळख नाही, पण आता दुसरं काही म्हणवत नाही.)

१९९६ मध्ये आयरिश बिशपांनीच नियमावली प्रसिद्ध केली होती, की अशी तक्रार आली तर पोलिसांना कळवायचं. त्या वर्षअखेरीस ताई कॉनेल यांना भेटल्या. कॉनेल म्हणाले, ती नियमावली कायद्याने बंधनकारक नाही, त्यातलं काय पाळायचं ते मी ठरवीन. आणि त्या फादरच्या चांगल्या नावाचाही विचार करायला हवा.

चांगलं नाव. आपल्याकडे त्याला अब्रू म्हणतात.

१९९७ मध्ये मॅकगेनिसने कोर्टात गुन्हा कबूल केला. तो ताईंबाबतचा होता, आणि सत्तरच्या दशकातल्या आणखी एका मुलीबाबतचाही. त्या दुसऱ्या मुलीचं वय काढा आणि १९६० च्या फाइलशी ताडून बघा. मी ते केलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

निकालानंतर डब्लिनच्या चर्चने पत्रक काढलं, की आम्ही पोलिसांना सहकार्य केलं. ताई हबकल्या. त्यांच्या बाजूच्या एका फादरने चर्चच्या कार्यालयात विचारलं, हे कसं? तर उत्तर मिळालं, 'पूर्ण' सहकार्य केलं असं आम्ही कुठे म्हटलंय?

हे वाचून मी थांबलेच. युधिष्ठिर आठवला. अश्वत्थामा गेला, मग तो नरो वा कुंजरो वा! आणि हा काही चुकून सुटलेला शब्द नव्हता. याला शास्त्र आहे. कॉनेल (२००१ मध्ये ते कार्डिनल झाले होते) यांनी पुढे चौकशी आयोगाला ते समजावून सांगितलं. मेंटल रिझर्वेशन म्हणतात त्याला. वाक्याचा अर्धा भाग तोंडाने बोलायचा, उरलेला मनात ठेवायचा. ऐकणाऱ्याची गैरसमजूत झाली तर ती त्याची, आपण खोटं बोललो नाही! अँड्र्यू मॅडन नावाच्या दुसऱ्या पीडिताचीही अशीच कथा. नुकसानभरपाईसाठी चर्चचे पैसे 'वापरले जात नाहीत', असं कॉनेल यांनी पत्रकारांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याआधीच आरोपी फादरला चर्चच्या निधीतून कर्ज देऊन मॅडन यांची भरपाई भागवली होती. मग खुलासा काय, तर 'वापरले जात नाहीत' म्हटलं, 'वापरले नव्हते' असं म्हटलं नाही. व्याकरणाचा एवढा उपयोग मी तरी कधी पाहिला नव्हता.

ताईंनी चिकाटी सोडली नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये आयरिश दूरदर्शनच्या, आरटीईच्या, एका कार्यक्रमात त्या आणि इतर पीडित बोलले आणि देश हादरला. २००६ मध्ये न्यायाधीश इव्हॉन मर्फी यांचा आयोग नेमला गेला. नवे आर्चबिशप डियरमिड मार्टिन यांनी हजारो कागदपत्रं आयोगापुढे ठेवली. त्यातल्या काहींना हात लावू नये म्हणून निवृत्त कार्डिनल कॉनेल २००८ मध्ये हायकोर्टात गेले, मग अर्ज मागे घेतला. २६ नोव्हेंबर २००९ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. नमुन्यादाखल ४६ फादर तपासले होते, त्यांच्याविरुद्ध ३२० हून अधिक मुलांच्या तक्रारी. निष्कर्ष स्वच्छ होता. चर्चला काळजी होती ती गुप्ततेची, बोभाटा टाळण्याची, नावलौकिकाची आणि मालमत्तेची. मुलांचा नंबर त्यानंतर. आणि आम्हाला कल्पनाच नव्हती, हा बचावही टिकला नाही. कारण अशा दाव्यांसाठी डब्लिनच्या चर्चने १९८७ मध्येच विमा उतरवला होता! पोलिसप्रमुखांनी माफी मागितली, आर्चबिशपांनी मागितली.

गोष्ट इथे संपत नाही. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मुलांच्या संरक्षणासाठी समिती नेमली, तिच्यात मारी कॉलिन्स होत्या. आतून बदल करता येईल अशी त्यांची आशा होती. जून २०१५ मध्ये, दुर्लक्ष करणाऱ्या बिशपांसाठी न्यायाधिकरण नेमण्याची घोषणा झाली. ते कधी उभंच राहिलं नाही. पीडितांच्या पत्रांना निदान उत्तर द्या, ही साधी सूचनाही व्हॅटिकनच्या एका खात्याने मानली नाही. १ मार्च २०१७ ला त्यांनी राजीनामा दिला. पुढे २०१९ मध्ये काही गोष्टी खरोखर बदलल्या. चर्चअंतर्गत तक्रार करणं फादर आणि नन्सना बंधनकारक झालं, अशा खटल्यांवरची पोपच्या गुप्ततेची मोहर निघाली. कोण्या एकामुळे हे झालं असं नाही, पण कोणी बोललंच नसतं तर झालंच नसतं.

आमच्या इथे फीनिक्स पार्कमध्ये मोठा पांढरा क्रूस आहे. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले तेव्हा तिथे दहा लाखांहून जास्त माणसं जमली होती. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस आले तेव्हा गर्दी त्याच्या जवळपासही नव्हती. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा म्हणतात, त्या एका वाक्यानंतर तो टेकला. रविवारी तिथे फिरताना मला हटकून ते आठवतं.

आता जे सांगायला एक वर्ष लागलं ते.

तुम्ही म्हणाल, परक्या देशातली, परक्या धर्मातली भानगड, तुला काय त्याचं? मी १४ वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत आजोळी होते. माझ्या एका मामेबहिणीला गाणं शिकवायला एक गृहस्थ यायचे. गावात मोठा मान, लोक वाकून नमस्कार करायचे. ती ११ वर्षांची होती. एका दुपारी तिने मोठ्यांना सांगितलं, की ते काय करतात. मी माजघरात होते, सगळं ऐकलं. तिच्यावर कोणी ओरडलं नाही, हेही खरं. शिकवणी त्याच दिवशी बंद झाली. पण त्यांना निरोप काय गेला? पोरीचं गाण्यात लक्ष लागत नाही, तेव्हा तूर्त थांबवू या.

लक्ष लागत नव्हतंच, खोटं नव्हतं ते. नरो वा कुंजरो वा.

ते गृहस्थ त्यानंतरही कित्येक वर्षं दुसऱ्या घरांत शिकवत राहिले. त्या घरांतही मुली होत्या. आपण आपली पोरगी बाजूला काढली आणि फाइल कपाटात ठेवली. आणि मी? मी तिच्याशेजारी झोपत होते महिनाभर. एका शब्दाने विचारलं नाही.

२०१२ मध्ये आपल्याकडे पॉक्सो कायदा आला. अशी गोष्ट माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच आता गुन्हा आहे. आमच्या वेळेला तो नव्हता. पण कायदा नव्हता म्हणून गप्प बसलो, असं तरी कुठे होतं? अब्रूचा प्रश्न होता. फक्त कोणाच्या अब्रूचा, ते कोणी विचारलं नाही.

हे लिहिण्याआधी बहिणीला फोन केला, परवानगी मागितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. पण थांबवू या असा निरोप गेला होता, तेही लिही. मला तेच जास्त लागलं होतं." ते गृहस्थ आता नाहीत, त्यामुळे कोर्टकचेरीचा प्रश्न नाही. तिला शिक्षाही नको आहे कोणाला. त्या दुपारी माजघरात जे जे होते, त्यांतल्या कोणीतरी एकदा तिला सांगावं, की तू खरं सांगत होतीस, आम्हाला कळलं होतं, आणि आम्ही अर्धंच बोललो.

मी सांगितलं. फार उशिरा, पण सांगितलं. तिचा नंबर तुम्हा सगळ्यांकडे आहे.