वनशाळेतून विद्यापीठात : शाश्वत विकासाच्या शिक्षणाची पूर्वपीठिका

शाश्वत विकास या विषयातील पदव्युत्तर शिक्षणाचा आरंभ बहुधा १९८७ साली सांगितला जातो, कारण ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांसाठी सिद्ध केलेल्या अहवालाने, भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता वर्तमानाच्या गरजा भागवणारा विकास ही व्याख्या जगभर रूढ केली. परंतु ज्या हिशेबावर ही व्याख्या उभी आहे तो सुमारे पावणेतीनशे वर्षे अधिक जुना असून त्याचा जन्म खाणींच्या प्रदेशात, लाकडाच्या टंचाईतून झाला आणि विद्यापीठांत येण्यापूर्वी तो दीर्घकाळ वनशाळांमध्ये शिकवला गेला. या वंशावळीकडे दुर्लक्ष केल्यास आजच्या अभ्यासक्रमातील कित्येक गुण आणि एक मोठा दोष नीट उमगत नाहीत.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, फ्रायबर्ग आणि त्याच्या परिसरात चांदीच्या खाणी होत्या. धातू गाळण्यासाठी कोळसा आणि बोगद्यांना आधार देण्यासाठी खांब, असे दोन्ही अंगांनी लाकूड लागत असल्याने भोवतालचे डोंगर उघडे पडत चालले होते. तेथील खाण प्रशासनाचे प्रमुख हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली लायपझिग येथे प्रसिद्ध केलेल्या ‘सिल्व्हिकुल्टुरा ओइकोनोमिका’ या ग्रंथात, तोड आणि नवी लागवड यांचा मेळ घातला तरच जंगलाचा उपयोग अखंड चालू राहील, असे प्रतिपादन केले. त्यांची चिंता निसर्गापेक्षा खाणीच्या उत्पन्नाची अधिक होती, हे येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. पुढे हाइनरिश कोटा यांनी १८११ साली आपली खासगी वनशाळा ड्रेस्डेनजवळच्या थारांट गावी आणली आणि १८१६ साली तिला राजाश्रय मिळून ती अकादमी झाली. अशा वनशाळांमध्ये या विचाराला गणिताचे रूप मिळाले : जंगलाची मोजणी करावी, झाडांचे वयोगट पाडावेत, दरवर्षी लाकडात किती भर पडते हे काढावे आणि तेवढीच तोड करावी. यालाच वनशास्त्रात शाश्वत उत्पादन म्हणतात. मुद्दलाला हात न लावता व्याजावर निर्वाह करण्याचा हा प्रकार होय. त्यासाठी वर्षांच्या क्रमाने जो आराखडा आखला जातो, तो वनखात्याच्या परिभाषेत कार्य आयोजना या नावाने ओळखला जातो.

हिंदुस्थानात ही विद्या जर्मन अधिकाऱ्यांमार्फतच आली. बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिश ब्रँडिस यांची १८५६ साली ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवनांवर नेमणूक झाली. जंगलातून ठरावीक रेषेने जात, वाटेत दिसणाऱ्या सागांची घेरानुसार वर्गवारी करून तिची नोंद ते बांबूच्या तुकड्यांवर खाचा पाडून ठेवीत, आणि पावसात व दमट हवेत कागदापेक्षा हे साधन अधिक भरवशाचे ठरे. लहान घेराची झाडे मोठ्या वर्गात येण्यास किती काळ लागतो यावरून मोठ्या झाडांची वार्षिक तोड ते ठरवीत. १८६४ साली ते हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले आणि १८७८ साली डेहराडून येथे वनशाळा निघाली. तिच्यात मुख्यतः देशी कर्मचारी तयार केले जात; वरिष्ठ जागांसाठीचे उमेदवार मात्र फ्रान्समधील नान्सी येथे आणि १८८५ पासून इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे शिकून येत. आराखडा आखणारा आणि तो अमलात आणणारा यांच्यातील भेद अशा रीतीने शिक्षणाच्या रचनेतच मुरला होता.

ज्या वर्षी डेहराडूनची शाळा निघाली, त्याच वर्षी नवा वनकायदा झाला, ज्यान्वये जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी विभागणी होऊन राखीव वनांतील रयतेचे वहिवाटीचे हक्क फार संकुचित झाले. शाळेचा अभ्यासक्रम या कायद्याशी सुसंगत होता. त्यात वनस्पतिशास्त्र, मोजणी आणि वनकायदा हे विषय होते. पण गुराख्याचे, काष्ठविक्रीवर जगणाऱ्याचे किंवा डोंगरउतारावर नाचणी पिकवणाऱ्याचे अर्थकारण हा शिकण्याजोगा विषय आहे असे कोणास वाटले नव्हते. ही उणीव प्रथम बाहेरच्यांनी दाखवली, आणि त्यांत पुणेकर अग्रभागी होते. पुणे सार्वजनिक सभेने या कायद्याला हरकत घेताना, गावकऱ्यांना विश्वासात घेतल्यास जंगल अधिक चांगले राखले जाईल, अशी भूमिका मांडली. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तर गायराने आणि डोंगर वनखात्याच्या ताब्यात गेल्याने शेतकऱ्याचे पशुधन व जोडउत्पन्न कसे बुडाले, याचा स्पष्ट हिशेब मांडला आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत वाद राबावरून पेटला. राब म्हणजे झाडांच्या डहाळ्या, पाला आणि शेण रोपवाटिकेच्या जागेवर पसरून भाजण्याची भातशेतीतील पद्धत. अधिकाऱ्यांच्या लेखी ती जंगलाची नासाडी होती, तर शेतकऱ्याच्या लेखी तिच्यावाचून भाताचे रोप नीट येत नव्हते. मुंबई सरकारला अखेर यासाठी वन आयोग नेमावा लागला. वनशास्त्राची आकडेमोड चुकीची होती असे म्हणता येणार नाही; ती अपुरी होती, कारण वाढीचे व्याज कोणाच्या पदरात पडावे हा प्रश्न तिने गणिताबाहेर ठेवला होता.

पदव्युत्तर पातळीवर ही विद्या नेण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे जाते. ब्रँडिस यांच्या सल्ल्याने नान्सी येथे शिकलेले गिफर्ड पिंशो यांच्या कुटुंबाच्या देणगीतून १९०० साली तेथे निघालेली वनशाळा आरंभापासूनच पदवीधरांसाठी होती. १९७२ साली तिच्या नावात पर्यावरणाची भर पडली आणि २०२० साली वन हा शब्द नावातून गेलाच. एका संस्थेच्या पाटीवरून विषयाचा प्रवास इतका स्वच्छ वाचता येणे विरळाच.

१९८० नंतर शाश्वत उत्पादनाची कल्पना जंगलाबाहेर पडून पाणी, ऊर्जा, शहरे आणि हवामान यांना लागू झाली आणि १९९२ च्या रिओ परिषदेनंतर जगातील विद्यापीठांतून तिचे स्वतंत्र अभ्यासक्रम निघू लागले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणशिक्षण शाळा-महाविद्यालयांत आणण्याचे निर्देश दिले, तर दिल्लीतील ‘टेरी’च्या शिक्षणसंस्थेला १९९९ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईच्या आयआयटीतील ‘सितारा’ हे ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे केंद्र याहून आधीचे, १९८५ चे असून तेथील एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना खेड्यात राहून क्षेत्रकार्य करावे लागते. थारांटच्या परंपरेशी तुलना करता हा फरक मूलगामी मानावा लागेल, कारण येथे मोजण्यापूर्वी विचारणे हा शिक्षणाचा भाग झाला.

तथापि या पदवीधरांना मिळणारी कामे पुन्हा आकड्यांकडेच ओढणारी आहेत. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल सक्तीचा केल्याने ऊर्जा, पाणी आणि उत्सर्जन यांचे तक्ते भरणाऱ्यांची मागणी वाढली. ते काम निरुपयोगी नाही, मात्र त्यात राबाच्या वादासारखा वाद ऐकण्यास जागा थोडी. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने वेगळी वाट धरली. तेथे गावकऱ्यांचे अभ्यासगट जमून कायदे, शासकीय योजना आणि जंगलाची स्थिती यांवर चर्चा करीत आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होई. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनाचे सामूहिक हक्क मिळाले. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनखात्याच्याच हाती राहिल्याने तोडलेला माल विकणे अशक्य होते, आणि त्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला.