चारठाण्याच्या दगडाची भावकी

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला लोक येतात ते यादवकाळातली देवळं, बारव आणि अंगभर नक्षी ल्यालेला उंच दगडी स्तंभ पाहायला. अशा देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणायची आपली सवय. चुन्याशिवाय दगडावर दगड चढवायची ही रीत मात्र यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या आधीपासूनची. कारागिरांना त्यासाठी लागणारा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पायाखालीच मिळाला.

तो पायाखाली आला कसा?

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा दूरवर पसरत गेला, थरावर थर. मराठवाड्यात विहीर खणताना आधी मुरूम, कुठे मांजऱ्या आणि मग सुरुंगाशिवाय न हलणारा पाषाण लागतो, ते हेच थर. गंमत अशी, की तेव्हा ही जमीन इथे नव्हतीच. ती होती विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे त्या भागात.

हा लाव्हा पुरवणारी तिथली खोलवरची तप्त जागा जवळपास स्थिर, वरचा भूपट्ट सरकता. भारताचा भूपट्ट तेव्हा वर्षाला 15 सेंटिमीटरच्या आसपास उत्तरेकडे सरकत होता. भूपट्टांच्या हिशेबाने ही धावपळच. दख्खन पुढे निघून गेलं. लाव्हा आता समुद्रतळ फोडून वर येऊ लागला आणि मागे ज्वालामुखींची रांग लागली. हवाई बेटांबद्दल अशी कल्पना कॅनडाच्या टुझो विल्सन यांनी 1963 साली मांडली होती. हिंदी महासागरात तिचा कस 1987 मध्ये लागला. ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ जहाजावरून तळाला भोकं पाडली, तेव्हा मालदीवजवळचा बेसॉल्ट सुमारे 5 कोटी 70 लाख वर्षांचा निघाला, चागोसजवळचा 4 कोटी 90 लाखांचा. दक्षिणेला जावं तसं वय उतरत जातं. लक्षद्वीप-मालदीवची प्रवाळबेटं याच बुडालेल्या रांगेच्या माथ्यावर वाढलेली आहेत. दख्खनच्या लाव्ह्याचं सगळं श्रेय या तप्त जागेला द्यायला काही भूवैज्ञानिक अजून तयार नाहीत, पण वयांची ही उतरंड नाकारणं अवघड आहे.

रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही लाव्हा ओकतो. शेजारचं मॉरिशस 80-90 लाख वर्षांचं, म्हणजे या भावकीतलं धाकटंच. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी देणाऱ्या या बेटावर 1834 नंतर गिरमिटिया मजूर गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. ऊस लावायचा तर आधी रानातले काळे धोंडे हातांनी वेचून रचावे लागत. त्यांचे ढीग तिथल्या फडांत अजून आहेत.