आराखड्याची आवृत्ती चुकते तेव्हा...

यंत्राचा एखादा भाग घडविण्यापूर्वी संगणकावरील त्याचा आराखडा अनेकदा बदलतो. छिद्राचा व्यास वाढतो, पत्र्याची जाडी घटते. कारखान्यात मात्र जुनाच आराखडा पोहोचला, तर तयार भाग जुळणीच्या वेळी बसत नाही आणि थेट भंगारात जातो. हा गोंधळ टाळण्यासाठी 'प्रॉडक्ट डेटा मॅनेजमेंट' अर्थात 'पीडीएम' प्रकारातील सॉफ्टवेअर वापरले जाते. टीमसेंटर, विंडचिल आणि एनोव्हिया ही त्यातील परिचित नावे.

या पद्धतीत सर्व फाइली एका मध्यवर्ती संग्रहात राहतात. बदल करू इच्छिणारा अभियंता फाइल 'चेक-आउट' करतो. तेवढा काळ इतरांना ती केवळ पाहता येते. काम संपवून त्याने ती 'चेक-इन' केली, की नवी आवृत्ती नोंदली जाते, मात्र जुनी पुसली जात नाही. वरिष्ठांच्या मंजुरीनंतरच ती उत्पादन विभागाकडे जाते. शिवाय कोणता भाग कोणत्या जोडणीत किती लागतो, याची यादी, म्हणजेच 'बिल ऑफ मटेरियल', आराखड्यांशी जोडलेली असते. त्यामुळे एक भाग बदलल्यास त्याचा परिणाम कुठे कुठे होईल, हे आधीच कळते.

ही शिस्त ढळल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण म्हणजे 'एअरबस ए-३८०' हे महाकाय विमान. त्यातील विद्युत तारांची लांबी सुमारे ५३० किलोमीटर. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे 'कॅटिया' या सॉफ्टवेअरची चौथी, तर फ्रान्समधील तुलूझ येथे पाचवी आवृत्ती वापरात होती. दोन्हींतील माहितीची देवाणघेवाण नीट न झाल्याने तारांच्या आराखड्यांतील बदल सर्वत्र अचूक उमटले नाहीत. तुलूझला जुळणी सुरू झाल्यावर अनेक तारा अपुऱ्या पडल्या. अखेर जर्मन तंत्रज्ञांना तेथे जाऊन त्या हाताने बसवाव्या लागल्या. जून २००६ मध्ये विलंब जाहीर होताच 'ईएडीएस' या मूळ कंपनीचा समभाग एका दिवसात सुमारे २६ टक्क्यांनी कोसळला. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले, ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी.

सॉफ्टवेअर दोन्ही ठिकाणी होते. उणीव होती ती सर्वांनी एकच नोंद प्रमाण मानण्याची. पीडीएमचे खरे मोल या एकवाक्यतेतच आहे.